वसीला आणि दलाली

गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हट्टा रोड नावाचे एक स्थानक आहे. ज्या गावावरून त्याला हे नाव पडले ते हट्टा आज मध्य प्रदेशात मोडते. परंतु १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या बाजूला धानाच्या बांध्यांमधून आजही मराठी कानी पडते; तिच्या जोडीला पोवारी असते, हिंदी असते आणि डोंगराकडे सरकावे तशी गोंडीही असते. हट्ट्यात एक जुनी बावली आहे. दगडी पायऱ्या उतरून थेट पाण्याशी जावे, अशी तिची रचना. गावाची दुसरी ओळख म्हणजे तेथील जमीनदारी. ही जमीनदारी ३१ मार्च १९५१ या दिवशी कायद्याने संपली.

मध्य प्रदेशाने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करण्याचा जो कायदा केला त्याची अंमलबजावणी या दिवसापासून झाली. सरकार आणि प्रत्यक्ष कसणारा शेतकरी यांच्यामध्ये जो कोणी सारा गोळा करण्यासाठी उभा होता, मग तो जमीनदार असो वा मालगुजार, त्याला बाजूला करावयाचे, हा त्या कायद्याचा हेतू. जमीन-सुधारणेच्या भाषेत या सर्व वर्गाला एकच नाव होते : मध्यस्थ. मध्यस्थांचे उच्चाटन ही त्या काळातील मोठी घोषणा होती आणि तिच्यामागे शेकडो वर्षांची वेदना होती.

मध्यस्थ असावा की नसावा, हा प्रश्न केवळ शेतसाऱ्याचा नाही. पैशाच्या सर्व व्यवहारात तो आहे, आणि त्याहूनही जुना असा तो धर्माच्या क्षेत्रात आहे. देव आणि भक्त यांच्यामध्ये कोणी उभे राहावे काय, आणि ठेवीदार व कर्जदार, उत्पादक व ग्राहक यांच्यामध्ये कोणी उभे राहावे काय, हे दोन प्रश्न वरवर फार लांबचे वाटतात. इस्लामच्या परंपरेत मात्र ते एकमेकांच्या अगदी शेजारी बसलेले आहेत. याचे कारण उघड आहे. ज्या मक्का शहरात या धर्माचा जन्म झाला ते व्यापाऱ्यांचे शहर होते आणि ज्यांनी तो सांगितला ते महंमद पैगंबर स्वतः व्यापार केलेले गृहस्थ होते.

या शेजाराची साक्ष आपली मराठीच देते. आपल्या चोपडीतले कितीतरी शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले आहेत. जमा, बाकी, हिशेब, नफा, रक्कम, वसूल, जामीन, सराफ, हवाला, वकील, दलाल हे सर्व त्यांतलेच. दलाल या शब्दाच्या मुळाशी वाट दाखविणे हा अर्थ आहे. दलील म्हणजे पुरावा, तोही त्याच मुळाचा. म्हणजे मूळचा दलाल हा वाटाड्या. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवून निश्चिंत व्हावे असा मनुष्य, आणि अल्-वकील हे इस्लाममध्ये ईश्वराच्या नावांपैकी एक नाव आहे. तुम्ही लोकांवर नेमलेले वकील नाही, असे कुराणात खुद्द पैगंबरांना एकाहून अधिक ठिकाणी बजावलेले आहे. सर्वांत बोलका शब्द मात्र वसीला. कुराणाच्या पाचव्या अध्यायात श्रद्धावंताने ईश्वराशी जवळीक साधण्याचे साधन शोधावे असे सांगितले आहे. त्या साधनाला तेथे वसीला म्हटले आहे. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा वशिला झाला. ईश्वरापर्यंत पोचविणाऱ्या शब्दावर आपल्याकडे नोकरी लावून देण्याचे काम पडले. एका शब्दाच्या या घसरणीतच पुढचा सारा विषय साठवलेला आहे.

प्रथम धर्माकडे पाहू. तत्त्वतः इस्लाममध्ये पुरोहितवर्ग नाही. नमाजाच्या वेळी पुढे उभा राहणारा इमाम हा इतरांच्या वतीने उपासना करीत नाही. तो फक्त पुढे असतो. जाणकार अशा कोणाही मुसलमान गृहस्थाला ते स्थान घेता येते. निकाहाला दोन पक्षांची संमती आणि साक्षीदार हवेत. काजी असणे ही सोय आहे, अट नव्हे. इंग्रजी अमदानीत १८८० साली काजींच्या नेमणुकीचा कायदा झाला, तेव्हा त्यातही हे स्पष्ट लिहिले गेले की या कायद्यामुळे कोणत्याही विवाहास काजीची उपस्थिती आवश्यक ठरत नाही. पापाची कबुली कोणापुढे द्यावयाची नाही, क्षमापत्र कोणाकडून घ्यावयाचे नाही. आपण भक्ताच्या जवळच आहोत आणि हाक मारणाऱ्याची हाक ऐकतो, असे आश्वासन कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वराच्या तोंडी आहे.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. ईश्वर इतका जवळ असेल, तर त्याचा संदेश तरी एका मनुष्याकरवी का यावा? रसूल या शब्दाचा अर्थच मुळी पाठविलेला. म्हणजे पैगंबर हे स्वतः एक प्रकारचे मध्यस्थ झाले. इस्लामी विचाराने या अडचणीचे जे उत्तर दिले ते फार मार्मिक आहे. पैगंबराचे काम संदेश पोचविणे एवढेच. संदेश त्याचा नाही, ज्यांना तो पोचवावयाचा ते लोकही त्याच्या मालकीचे नाहीत, आणि स्वतःच्या नफ्या-तोट्यावरदेखील ईश्वराच्या इच्छेवाचून त्याची सत्ता नाही. पोचविणारा आणि मालक यांच्यामध्ये ही जी रेघ ओढली आहे, तिच्यावर पुढील शतकांचे सारे वाद झाले.

दमास्कसचे पंडित इब्न तैमिया यांनी नेमक्या याच विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांचा १३२८ साली कैदेत असतानाच अंत झाला. त्यांच्या विवेचनाचे सार असे की मध्यस्थ दोन प्रकारचे. वरून आलेली आज्ञा खाली पोचविणारा मध्यस्थ मानलाच पाहिजे, कारण त्याच्यावाचून आज्ञा कळणारच नाही. पण खालच्याचे गाऱ्हाणे वर नेणारा, राजाच्या दारावरील चोपदारासारखा मध्यस्थ मानणे म्हणजे ईश्वराला राजासारखे समजणे होय. राजाला चोपदार लागतो, कारण त्याला सर्व प्रजेची खबर नसते, किंवा कोणीतरी भीड घातल्याखेरीज त्याचे मन वळत नाही. सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वराच्या ठिकाणी या दोन्ही उणिवा नाहीत. मग त्याच्या दाराशी चोपदार कशाला?

याला दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच जुनी आहे. पैगंबरांच्या निधनानंतर काही वर्षांनी अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी खलिफा उमर यांनी पैगंबरांचे चुलते अब्बास यांना पुढे करून पावसासाठी प्रार्थना केली, ही हकीकत हदीसच्या प्रमाणग्रंथांत आहे. पुण्यवान माणसाच्या निमित्ताने ईश्वराला आळवणे योग्यच आहे, असे एक पक्ष या प्रसंगावरून म्हणतो. दुसरा पक्ष तीच हकीकत पुढे करून म्हणतो की उमर यांनी हयात माणसाला प्रार्थना करावयास सांगितले, कबरीपाशी जाऊन मागितले नाही. गेल्या दीडशे वर्षांत उत्तर हिंदुस्थानात देवबंद आणि बरेली या दोन नावांनी ओळखले जाणारे जे प्रवाह झाले, त्यांच्यातील वादाचा एक मोठा भाग याच मुद्द्याभोवती फिरत आला आहे. तथापि एका गोष्टीवर दोन्ही पक्ष ठाम आहेत : देणारा एकच. वली कितीही थोर असला तरी तो दाता नव्हे, आणि ईश्वराच्या अनुमतीवाचून कोणाची शिफारस चालत नाही.

नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचे उदाहरण या प्रांतातील प्रत्येकाला ठाऊक आहे. १८६१ मध्ये कामठीस जन्मलेले हे सत्पुरुष कित्येक वर्षे नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. १९०८ मध्ये तेथून त्यांना सोडवून राजे रघुजीराव भोसले यांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. १९२५ साली बाबा निवर्तले. पण ताजबागच्या दर्ग्यावर आजही बालाघाट, भंडारा आणि छत्तीसगडच्या बाजूने माणसे येतात, आणि त्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. या माणसांना धर्मशास्त्रातला वाद ठाऊक नसतो. घरात आजारी मूल असते, कोर्टात तारीख असते, अंगावर कर्ज असते. आपले गाऱ्हाणे ऐकणारा कोणीतरी माणसासारखा माणूस हवा, एवढीच त्यांची ओढ. या ओढीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ती खोटी नाही.

खोटेपणा शिरतो तो दुसऱ्या ठिकाणी. वलीच्या नावाने जेव्हा कोणी दार अडवून बसतो, चादर किती रुपयांची आणि नवस किती रुपयांचा हे जेव्हा तो ठरवू लागतो, तेव्हा वसील्याचा वशिला होतो. हा रोग एका धर्माचा नाही. पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांविषयी वारकऱ्यांच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या होत्या. त्यासाठी १९७३ चा कायदा झाला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिटण्यास जानेवारी २०१४ उजाडला. विठ्ठल आणि वारकरी यांच्यामध्ये पुजारी असू नये, असा कोणाचा आग्रह नव्हता. पुजाऱ्याने मालक होऊ नये, एवढेच म्हणणे होते.

वक्फ संस्थेच्या रचनेत हे तत्त्व अगदी स्वच्छ मांडलेले आढळते. वक्फ केलेली मिळकत ईश्वराची. तिची व्यवस्था पाहणारा मुतवल्ली हा केवळ व्यवस्थापक. त्याला मिळकत विकता येत नाही, वारसांना वाटून देता येत नाही, आणि हिशेब द्यावा लागतो. व्यवहारात अनेक मुतवल्ली या कसोटीला उतरले नाहीत हे खरे. परंतु ते उतरले नाहीत असे आपल्याला म्हणता येते, याचे कारण कसोटी लिहून ठेवलेली आहे.

आता बाजाराकडे वळू. मदिनेच्या बाजारातील व्यापाऱ्यांना त्या काळी समासिरा म्हणत. हा बाहेरून आलेला शब्द, आणि त्याचा अर्थ दलाल. पैगंबरांनी त्यांना तुज्जार, म्हणजे व्यापारी, हे अधिक चांगले नाव दिले. आणि सोबत असा उपदेश केला की खरेदी-विक्रीत वायफळ बोलणे आणि शपथा येतातच, तेव्हा व्यापारात दानधर्म मिसळत जा. या हकीकतीत मध्यस्थाचा तिरस्कार नाही. त्याच्या धंद्यातले मोह कोणते, याची जाणीव मात्र आहे.

याहून महत्त्वाची एक आज्ञा हदीसमध्ये आहे. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराच्या बाहेर, वाटेतच गाठून माल खरेदी करू नये. आणि शहरातल्या माणसाने रानातून आलेल्या माणसाच्या वतीने विक्री करू नये. दुसऱ्या भागाचा अर्थ विचारला असता पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी सांगितले की त्याचा दलाल होऊ नये. या आज्ञेचे मर्म काफिल्याला बाजारभाव ठाऊक नाही, यात आहे. वेशीबाहेर त्याला गाठणारा माणूस त्याच्या अज्ञानावर नफा कमावतो. ज्यांनी धानाच्या हंगामात गाडीवाटेवर उभा असलेला खेडा-खरेदीचा व्यापारी पाहिला आहे, त्यांना ही आज्ञा समजावून सांगावी लागणार नाही. बैल थकलेले असतात, घरात लग्न ठरलेले असते, तालुक्याच्या बाजारात आज काय भाव निघाला हे कळलेले नसते. आणि वाटेतला माणूस रोख मोजावयास तयार असतो.

मध्यस्थीचा चांगला नमुनाही त्याच परंपरेत आहे. खदीजा या मक्केच्या धनिक व्यापारी स्त्री. त्यांचे भांडवल घेऊन तरुण महंमद सिरियाच्या बाजूला व्यापारास गेले. विवाह झाला तो त्यानंतर. भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे आणि नफ्यात ठरलेला वाटा, या व्यवहाराला पुढे फिकहशास्त्रात मुदारबा म्हटले गेले. नुकसान झाले तर भांडवलदाराचे पैसे जातात आणि राबणाऱ्याचे श्रम जातात. हयगय सिद्ध झाल्याखेरीज राबणाऱ्यावर भरपाईचा बोजा पडत नाही. बटाईने शेत करणाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. शेतीच्या बटाईबद्दल मात्र शास्त्रकारांत मतभेद झाले. इमाम अबू हनीफा यांना ती मान्य नव्हती. त्यांच्याच दोन थोर शिष्यांनी, अबू यूसुफ आणि महंमद शैबानी यांनी, ती मान्य केली, आणि पुढे व्यवहार त्यांच्या मताने चालला.

व्याजाचा जो निषेध इस्लामने केला त्याचे मूळही येथेच आहे. व्यापारातला नफा वैध आणि कर्जावरची वाढ निषिद्ध, असे कुराण म्हणते. नफा घेणारा धोक्यात वाटेकरी असतो. व्याज घेणारा धोका दुसऱ्याच्या माथी ठेवून स्वतः निर्धास्त राहतो. मध्य प्रांतात बियाण्याच्या धानावर सवाई चाले. म्हणजे पेरणीला एक खंडी धान घ्यावे आणि मळणीनंतर सव्वा खंडी परत करावे. काही ठिकाणी तर दिढी चाले. पाऊस येवो अथवा न येवो, सवाई ठरलेली. धानाची बांधी कोरडी राहिली तरी सावकाराची चोपडी कोरडी राहत नसे.

कर्जाविषयी कुराणात आणखी एक तपशील आहे, आणि त्याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. दुसऱ्या अध्यायातील एक अतिशय लांब आयत कर्जाचा दस्त कसा करावा याचेच नियम सांगते. मुदतीचे कर्ज असेल तर लिहून ठेवा, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत. आणि मजकूर सांगावा तो कर्ज घेणाऱ्याने. तो दुबळा वा अजाण असेल तर त्याच्या पालकाने. सावकाराने सांगावा आणि कर्जदाराने अंगठा उठवावा, असे तेथे नाही. खेड्यापाड्यांत शतकानुशतके नेमके याच्या उलट चालत आले. चोपडी सावकाराच्या घरी, शाई सावकाराची, आकडा सावकाराचा. कुळाचा होता तो केवळ अंगठा.

म्हणूनच मध्य प्रांतातील दोन कायद्यांचे महत्त्व विसरता येत नाही. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला, तेव्हा या प्रांताने १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा केला. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून कर्जाचा आकडा सामोपचाराने ठरविणारी मंडळे त्यातून निघाली. ही मंडळे म्हणजे पुन्हा मध्यस्थच. पण उघड्या बैठकीत, दोन्ही बाजू ऐकून काम करणारे. पुढल्याच वर्षी, १९३४ मध्ये, सावकारीचा कायदा झाला. सावकाराने नीट हिशेब ठेवावा आणि कर्जदाराला त्याचे लेखी विवरण नियमाने पाठवावे, असे त्याने बंधन घातले. सावकार राहिला, त्याची चोपडी मात्र काही अंशी कुळाच्या बाजूला वळली.

याच प्रांतात मध्यस्थ मालक कसा बनतो याचाही धडा मिळतो. मालगुजार या फारसी शब्दाचा अर्थ माल, म्हणजे सारा, पोचता करणारा. भोसल्यांच्या अमदानीत गावचा पाटील किंवा मक्तेदार सारा गोळा करून सरकारात भरीत असे, आणि त्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर असे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निवर्तले, नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १८६७ मध्ये बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी या सारा पोचविणाऱ्यांनाच गावांचे मालक ठरविले. पोचता करणारा एका सहीने मालक झाला. पुढची नव्वद वर्षे बालाघाटच्या शेतकऱ्याने या एका सहीची किंमत मोजली. काही मालगुजारांनी तलाव बांधले, दुष्काळात कोठारे उघडली, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न व्यक्तींच्या भलेपणाचा नव्हता. ज्याचे काम पोचविणे होते त्याला जाब विचारण्याचा मार्गच बंद झाला होता, हे खरे दुखणे होते.

१९५१ मध्ये तो मध्यस्थ गेला. मग मध्यस्थी गेली काय? याचे उत्तर त्याच सुमारास झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दिले. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिच्यात धनंजयराव गाडगीळही होते, १९५१-५२ सालची स्थिती तपासून १९५४ मध्ये अहवाल दिला. ग्रामीण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज शेकडा ३ च्या आसपास, सरकारी कर्जही तेवढेच. आणि व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून शेकडा ७० च्या जवळपास. जमिनीवरचा मध्यस्थ हटला होता, पण बियाण्यासाठी, बैलासाठी, बाळंतपणासाठी पैसा लागतच होता. आणि तो जेथे मिळे तेथेच माणूस जात होता. गरज राहिली की तिच्या दाराशी कोणीतरी येऊन बसतोच.

तेंदूपानांची कथाही हेच सांगते. उन्हाळ्याच्या तोंडावर बालाघाटच्या रानात बायामुले पहाटे निघून पाने तोडतात, पन्नास पानांचे पुडके बांधतात, आणि संध्याकाळी फडावर नेऊन मोजून देतात. हजार पुडक्यांचे एक प्रमाणित पोते. पूर्वी हा सारा व्यवहार ठेकेदारांच्या हाती होता. १९६४ मध्ये मध्य प्रदेशाने कायदा करून हा व्यापार सरकारकडे घेतला, आणि पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस संग्रहणाचे काम प्राथमिक सहकारी समित्यांकडे आले. ही सुधारणा खरी आहे. वनोपजातील नफ्याचा वाटा संग्राहकाला मिळू लागला तो तिच्यामुळे. तरीही फडावर पुडकी मोजणारा मुन्शी राहिलाच. त्याने शंभरावर दोन पुडकी जास्त मागितली तर पाने तोडणाऱ्या बाईने कोणापुढे जावे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या नावात सापडत नाही. ते तिच्या हाती असलेल्या नोंदीच्या कार्डात सापडते. त्या कार्डावर आजचा खरा आकडा पडला की नाही, हे तिला वाचता आले पाहिजे.

शहरातल्या मोठ्या वित्तव्यवहाराला हाच नियम लागू आहे. बँक म्हणजे तरी काय? हजारो ठेवीदारांची थोडी थोडी बचत एकत्र करून ती गरजवंताला देणारी मध्यस्थ संस्था. ठेवीदाराला आपला पैसा हवा तेव्हा परत हवा. कर्जदाराला तो वर्षानुवर्षे हवा. या दोन विरोधी इच्छांचा मेळ घालणे आणि मधला धोका स्वतः पत्करणे, हे बँकेचे काम. ते काम मोलाचे आहे. २००८ मध्ये अमेरिकेतून जे अरिष्ट जगभर पसरले त्याचे एक कारण असे की कर्ज देणाऱ्याने ते ताबडतोब दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने त्याची मोट बांधून तिसऱ्याला विकली, आणि प्रत्येकाने आपली दलाली घेऊन धोका पुढे ढकलला. शेवटी धोका कोणाच्या पदरात आहे हेच कोणाला सांगता येईना. धोका न घेता नफा घेऊ नये, हा मदिनेच्या बाजारातला जुना नियम तेथे मोडला होता.

बिनव्याजी बँकव्यवहाराचा प्रश्न आपल्याकडेही निघाला. २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या समितीने वित्तीय सुधारणांवरील अहवालात त्याचा विचार करावा असे सुचविले. पुढे बराच खल होऊन, सर्वांना बँकसेवा समान रीतीने उपलब्ध आहेत या कारणास्तव, रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. ही गोष्ट २०१७ मध्ये जाहीर झाली. त्या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु व्याज नको म्हणणाऱ्या श्रद्धावंताची बचत यामुळे कोणत्या दाराशी जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

बंगळुरात याचे एक दुःखद उत्तर मिळाले. धर्माला मान्य अशी गुंतवणूक, व्याज नाही, नफ्यात वाटा, असे सांगून एका कंपनीने हजारो मुसलमान कुटुंबांची बचत गोळा केली. काही धर्मगुरूंच्या शब्दाचे वजनही तिच्या पाठीशी असल्याचे लोकांना दिसत होते. जून २०१९ मध्ये तिचा चालक देश सोडून गेला. जुलैमध्ये परतताच त्याला अटक झाली. विधवांची पुंजी, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा, गल्फमध्ये राबून पाठविलेली कमाई त्यात अडकली. येथे धर्मातला मध्यस्थ आणि पैशातला मध्यस्थ एकाच गादीवर बसले होते. लोकांनी मुदारब्याचे नाव ऐकले, पण मुदारब्याचा पहिला हक्क, म्हणजे भांडवल कोठे लागले याचा हिशेब मागण्याचा हक्क, त्यांनी वापरला नाही. ज्याच्या दाढीकडे आणि जपमाळेकडे पाहून विश्वास ठेवला, त्याच्याकडे चोपडी मागणे त्यांना अपमानाचे वाटले. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हे सांगणाऱ्या ग्रंथाने मात्र विश्वासू माणसासाठी वेगळी सूट फार थोडी ठेवली आहे.

अलीकडे मध्यस्थच नको, यंत्राने सारे होईल, अशी भाषा ऐकू येते. २०१४ च्या जनधन योजनेने खेडोपाडी खाती उघडली, अनुदानाची रक्कम थेट खात्यात जमा होऊ लागली. थेट हा शब्द सुखावह आहे. परंतु बालाघाट जिल्ह्यातल्या खेड्यातली म्हातारी पेन्शन काढावयास जाते तेव्हा तिच्यासमोर दिल्ली नसते. एका दुकानातला बँकमित्र असतो. अशा प्रतिनिधींना रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये परवानगी दिली, आणि त्यांच्यामुळे कित्येक कोसांची पायपीट वाचली, हे त्यांचे मोठे उपकार. म्हातारी यंत्रावर अंगठा टेकवते. शाई गेली, अंगठा राहिला. यंत्रातून निघालेली चिठ्ठी तिच्या हाती पडली, तिच्यावरचा आकडा तिच्या नातवाने वाचला, आणि तेवढेच पैसे मोजून मिळाले, तर तो बँकमित्र खरा वाटाड्या. अंगठा घेऊन यंत्र चालत नाही, उद्या या, असे तो म्हणाला आणि चिठ्ठी दिलीच नाही, तर तो जुनाच माणूस नव्या खुर्चीत बसला आहे असे समजावे.

तेव्हा मध्यस्थ असावा की नसावा, या रूपात हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. संदेश पोचवावयाचा तर पोचविणारा लागतो आणि पैसा फिरवावयाचा तर फिरविणारा लागतो. विचारावयाचे ते तीन प्रश्न. जे त्याच्या हातून जाते त्याला तो आपले म्हणतो काय? तो हिशेब देतो काय, आणि तो हिशेब दुबळ्या पक्षाला वाचता येईल असा असतो काय? आणि त्याला वगळून जावयाचे झाल्यास वाट मोकळी आहे काय? मुतवल्ली, मालगुजार, सावकार, मुन्शी, बँक आणि बँकमित्र या सर्वांना हे तीन प्रश्न सारखेच लागू आहेत. जेथे उत्तर समाधानकारक मिळाले तेथे माणसांनी मध्यस्थाला आदराने वागविले. जेथे मिळाले नाही तेथे आज ना उद्या कायदा करावा लागला.

कायद्याने खुर्ची रिकामी करता येते. तिच्यावर पुन्हा कोण बसतो आणि कसा वागतो, हे पाहण्याचे काम मात्र रोजचे आहे. ते गावातल्या माणसांनाच करावे लागते : ग्रामसभेत हात वर करून, सोसायटीच्या वार्षिक बैठकीत ताळेबंद मागून, आणि अंगठा देण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवा असे म्हणून. कर्जदाराने मजकूर सांगावा, या चौदाशे वर्षांपूर्वीच्या नियमाचा आजच्या व्यवहारातला अर्थ एवढाच आहे.